तुल्साच्या नावाची साइत

माघातलं धुकं नेपाळातल्या आमच्या पाटणच्या गल्ल्यांतून उठायला दुपार करतं. तोवर आमच्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली काहीच दिसत नाही, नुसते आवाज येतात. कुणीतरी तांब्यावर हातोडी मारत असतं, कुणी कबुतरांना मका टाकत असतं, देवळाची घंटा वाजते, आणि माणूस मात्र एकही नाही. अशा वेळी मी पडद्याकडे बघत बसतो. पडद्यावर पहाडातल्या आमच्या आरोग्य चौक्या एकेक करून जाग्या होतात. जुम्ल्याची नर्स आत आली. रोल्पाचा औषधवाला आत आला. नाव उमटतं आणि त्याच्या बाजूला हिरवा ठिपका लागतो. मला दर वेळी वाटतं, धुक्यापलीकडे कुठंतरी एक खिडकी उघडली आणि कुणीतरी तिथं कंदील ठेवला. शेजारच्या टेबलावरची रत्नमैयाँ म्हणते, मी कामावर झोपतो. मी झोपत नाही. डोळे उघडेच असतात.

माझं नाव ज्ञानरत्न ताम्राकार. सात पिढ्या आमच्या घरात तांब्याच्या घागरी घडवल्या, आणि मी मात्र लोकांचे पासवर्ड सांभाळतो. आमच्या संस्थेत माणसाला एकच नाव आणि एकच पासवर्ड. त्यावरच हजेरी लागते, औषधांचा साठा उघडतो, पगार निघतो. नवीन माणूस आला की पहिला पासवर्ड मी देतो. तो एकदाच चालतो. त्यानं आत पाऊल टाकलं की यंत्रणा लगेच म्हणते, आता तुझा स्वतःचा ठेव. शेजारणीकडून निखारा आणावा तसं आहे हे. आपली चूल पेटली की त्या निखाऱ्याचं काम संपलं. मला ठाऊक असलेला पासवर्ड तुमचा कसा असेल? एवढी साधी गोष्ट, पण शिकल्यासवरलेल्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच जुना पासवर्ड दाबत बसतात आणि वर मलाच फोन करून विचारतात, तुमचं मशीन बिघडलंय का? मशीन बिघडलेलं नसतं. मी काय बोलतो ते इथं लिहीत नाही.

त्या दिवशी ऊन नुकतं गच्चीवर उतरलं होतं. मी संत्रं सोलत बसलो होतो आणि जिन्यावरून एक मुलगी वर आली. अंगावर नवी कोरी निळी साडी, त्यावर पुरुषी जाकीट, पायात चिखलाचे बूट. नवीन नर्सांच्या तुकडीतली होती हे साडीवरूनच कळलं.

"सर, पासवर्डवाले सर तुम्हीच का?"

"आहे खरा. काय झालं?"

"माझा चालत नाही."

"नाव?"

"तुल्सा खड्का. बाग्लुङची. मुगूच्या चौकीवर नेमणूक आहे." तिनं तळहात पुढे केला. तळहातावर बॉलपेननं पासवर्ड लिहिला होता, घामानं अर्धा पुसलेला. "सर, आज चार वाजेपर्यंत हजर झाले असं त्यात नोंदवायचंय. नाही नोंदवलं तर ती जागा खालच्या नावाला जाते. प्रशिक्षणाच्या मॅडमनी सांगितलं, त्यात कुणाचं काही चालत नाही."

ते खरं होतं. चार वाजता यादी आपोआप बंद होते. तशी सोय करून ठेवणाराही मीच. मी अर्धं संत्रं तिच्या हातावर ठेवलं आणि तिला आत नेलं.

माझ्या कामात आधी माणसाच्या चुका बघायच्या, मग यंत्राच्या. मोठी अक्षरं-छोटी अक्षरं पाहिली. शून्य आहे की ओ, ते पाहिलं. कळफलक नेपाळीवर अडकलाय का, ते पाहिलं. निम्म्या वेळा तेच असतं. प्रशिक्षणाच्या खोलीतल्या संगणकाचं घड्याळ मागं पडलंय का, तेही पाहिलं, कारण घड्याळ मागं-पुढं असलं की आमची यंत्रणा कुणालाच ओळखत नाही, प्रत्यक्ष मलाही नाही. सगळं ठीक होतं. पासवर्ड मीच दिलेला, अक्षर न् अक्षर बरोबर. आणि तरी दार उघडत नव्हतं.

मग मी तिच्या नावाची नोंद उघडली आणि माझी झोप उडाली.

"तू सकाळी आत गेली होतीस?"

"नाही सर. सकाळी समारोप होता. आम्ही सगळ्या गाणं म्हणत होतो."

"सकाळी साडेनऊच्या सुमारास कुणीतरी तुझ्या नावानं आत गेलंय. पहिला पासवर्ड वापरून. आणि नवा ठेवून बाहेर पडलंय."

माझ्या मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रत्नमैयाँ जोशी. आमच्याकडची सुरक्षा तिच्या ताब्यात आहे, आणि चोरीचं नाव काढलं की ती मांजरीसारखी कान टवकारते.

"खातं बंद करा दाइ," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. नियम आहे. भलताच कुणी आत शिरला तर खातं बंद, समितीकडे कागद, आणि समिती बसेल तेव्हा बसेल."

"समिती पुढच्या महिन्यात बसते, रत्नमैयाँ. हिची वेळ चार वाजेपर्यंतची आहे."

"मग? त्यात औषधं आहेत, रुग्णांची नावं आहेत. उद्या कुणी मॉर्फिन लंपास केलं तर तुम्ही जाणार आहात का तुरुंगात?"

"सर, नवीन पासवर्ड देऊन टाका ना," तुल्सा म्हणाली.

देता आला असता. एक कळ दाबायची. पण चोरीचा संशय असलेल्या खात्याला मी हात लावला की रत्नमैयाँच्या पडद्यावर लाल रेघ उमटते, आणि लाल रेघ उमटली की खातं गोठतं. ही रेघ मीच बसवली होती, मोठ्या हुशारीनं. माझ्याच हातानं माझे हात बांधले गेले होते. चोर नाही हे दाखवायचा एकच मार्ग होता. जिचं खातं, तिनंच आत्ताचा पासवर्ड आपणहून भरायचा.

"पहिला पासवर्ड तुला कुणी दिला?"

"घरच्या फोनवर आला, सर. अर्ज भरला तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता. काल संध्याकाळी आमानं वाचून दाखवला, मी हातावर लिहिला."

मी नोंदीतला पत्ता पाहिला. सकाळी आत आलेला माणूस बाग्लुङच्या डोंगरातल्या एका वॉर्ड कचेरीतून आला होता. तिथली आरोग्य चौकी आणि वॉर्ड कचेरी एकाच तारेवर चालतात, म्हणून तो पत्ता मी ओळखला.

"हा तुझा गाव?"

तिनं वाचलं आणि ती खालीच बसली. खुर्ची असूनही जमिनीवर.

"तिथं कोण असेल, तुल्सा?"

"माहीत नाही." मग म्हणाली, "बा माझ्याशी बोलत नाहीत."

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक. प्रशिक्षणाला निघायचं तो दिवस अमावास्येचा होता. बा म्हणाले, दोन दिवस थांब, चांगली वेळ, साइत बघून नीघ. ती म्हणाली, प्रशिक्षण माझ्यासाठी थांबत नाही. बा म्हणाले, तुझा दाइसुद्धा असाच निघाला होता. तिचा दाइ, थोरला भाऊ, कतारला गेला होता, अमावास्येलाच, विमानाचं तिकीट स्वस्त होतं म्हणून. परत आला तो लाकडी पेटीतून. ती म्हणाली, दाइ अमावास्येनं नाही मेला बा, उन्हानं मेला. त्यावर बा उठून गोठ्यात गेले. ती निघाली तेव्हा दाराशी निरोपाच्या भरलेल्या घागरी नव्हत्या, कपाळाला टिका नव्हता. आमानं, आईनं, लपून दही भरवलं. वळणावरून तिनं मागं पाहिलं तर बा पाठ करून उभे होते.

"सहा आठवडे झाले. फोन केला तरी आमाच घेते," ती म्हणाली.

रत्नमैयाँनं खण उघडून पातळसं पंचांग काढलं. तिचे बाबा पाटणातले जुने जोशी, अर्ध्या शहराच्या साइती तेच काढतात. लेक संगणकाची सुरक्षा बघते आणि खणात पंचांग ठेवते. मी त्यावरून तिला पुष्कळ छळलंय. तिनं पान उलटलं, नोंदीतली वेळ पाहिली, पुन्हा पान पाहिलं.

"दाइ," ती म्हणाली, "चोर साइत बघून येतात का हो?"

"म्हणजे?"

"आज सकाळी प्रस्थानाची साइत होती. पश्चिमेकडे निघायची. अगदी थोडा वेळ. आणि हा माणूस बरोबर त्याच वेळात आत गेलाय."

आमच्याकडे साइत सारतात. शुभ वेळेला स्वतःला निघता येत नसेल तर एखादं गाठोडं, छत्री, काहीतरी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस मग सवडीनं निघतो, पण त्याचं निघणं त्या वेळेलाच धरलं जातं. माझ्या लग्नानंतर आजोबांनी माझी चप्पल अशीच शेजारी नेऊन ठेवली होती आणि मी दोन दिवस अनवाणी फिरलो. पण पासवर्डाचं प्रस्थान ठेवलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.

मी वॉर्ड कचेरीला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पहाडातला फोन लागतो तेव्हा आधी वाऱ्याचा आवाज येतो, मग कोंबड्याचा, मग माणसाचा. हा माणूस डिल्लीराम पौडेल, तिथल्या संगणकावर बसतो.

"डिल्लीराम भाइ, आज सकाळी तुमच्याकडून कोण आत आलं होतं, तुल्सा खड्काच्या नावानं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"दाइ, माझी नोकरी जाईल का?"

"खोटं बोललास तर जाईल."

"नरबहादुर बा आले होते," तो एका दमात म्हणाला. "पहाटेच येऊन बसले. दोन घागरी पाण्यानं भरून आणल्या, एक संगणकाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. मी म्हटलं, बा, वायर आहे, पाणी नको. तर म्हणाले, तू वायर सांभाळ, मी पाणी सांभाळतो. फुलं वाहिली. पडद्याला टिका लावला, तो अजून निघालेला नाही. चिठ्ठीवर नाव आणि पासवर्ड लिहून आणला होता. म्हणाले, लेकीचे पाय अमावास्येला गेले, ते काही आता परत वळवता येत नाहीत. पण नोकरीतलं नाव अजून घरीच आहे, ते अजून उंबऱ्याबाहेर पडलेलं नाही. नाव तरी चांगल्या वेळेला निघू दे."

मी डोळे मिटले. मला ते सगळं दिसत होतं. पत्र्याच्या छपराची ती कचेरी, दारात धुकं, दोन तांब्याच्या घागरी, कदाचित आमच्याच गल्लीत कधीतरी घडलेल्या, आणि मधे तो जुना संगणक, नव्या नवरीसारखा. आणि म्हातारा घड्याळाकडे बघत उभा. मी इतकी वर्षं लोकांची नावं त्या पडद्यावर चढवली. त्यांना निघायला घर लागतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

"मग पुढं?" रत्नमैयाँनं विचारलं.

"पुढं काय, मशीन म्हणालं नवा पासवर्ड द्या. मी म्हटलं, बा, आता हा मुलीनं द्यायचा असतो. तर म्हणाले, तू बाहेर जा. मी बाहेर गेलो. एका बोटानं टाईप करत बसले होते, साइत संपायच्या आत संपवलं."

"काय ठेवलाय, सांगितलं?"

"मला कशाला सांगतील! म्हणाले, जिला हवा तिला सांगेन. तेव्हापासून बाहेर उन्हात बसून आहेत. जेवायलासुद्धा घरी गेले नाहीत. मी विचारलं, बा, कुणाची वाट बघताय? तर म्हणाले, फोन येईल."

तुल्सा ताडकन उभी राहिली.

"मुद्दाम केलंय!" ती ओरडली. "मुद्दाम, सर! स्वतःहून एक फोन करवत नाही, आणि माझी नोकरी धरून ठेवली! चार वाजून गेले असते तर? मुगूची जागा गेली असती तर? बोलत नाहीत ना, नका बोलू. मी पण नाही बोलणार. सर, तुम्ही बदला, काय लाल रेघ येते ती येऊ द्या."

ती बरोबर बोलत होती. मलाही त्या म्हाताऱ्याचा राग आला. माझ्या यंत्रणेचं कुलूप घेऊन यानं स्वतःच्या अबोल्याला लावलं, आणि किल्ली खिशात घालून उन्हात बसला! पण रागाच्या मधोमध मला हसूही येत होतं. इतकी वर्षं मी लोकांना बजावतोय की पासवर्ड कुणाला सांगू नका. आणि या म्हाताऱ्यानं पासवर्ड ठेवला तो केवळ एका माणसाला सांगता यावा म्हणून.

"तुल्सा," मी म्हणालो, "मी बदलला तर खातं गोठेल, जागा जाईल. आणि रत्नमैयाँला विचार, त्या साइतीचं काय होईल?"

"मोडेल," रत्नमैयाँ म्हणाली. कुणाकडेही न बघता.

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. धुकं आता फक्त दूर, डोंगरांच्या कमरेला उरलं होतं. तुल्सा तळहातावरची निळी अक्षरं अंगठ्यानं पुसत राहिली. साडेतीन होऊन गेले होते. मी तिला घाई केली नाही. करायला हवी होती.

तिनं फोन ओढून घेतला. "डिल्लीराम दाइ, बांना बोलवा."

वारा. कोंबडा. काठीचा आवाज. मग कुणीतरी फोन हातात घेतल्याचा आवाज.

"बा."

"हं."

"जेवलात?"

"जेवेन. तू?"

"जेवले."

"मुगूत थंडी फार असते," म्हातारा म्हणाला. "दाइचं जाकीट नेलंस का?"

"तेच घातलंय."

तुल्साच्या डोळ्यांतून पाणी जाकिटावर पडत होतं आणि आवाज मात्र कोरडा होता. बापलेकीचा हट्ट एकाच साच्यातला.

"बा, चार वाजायला आलेत."

"माहीत आहे. मला घड्याळ कळतं. तुझ्याजवळ कोण आहे?"

"पासवर्डवाले सर आहेत. आणि एक मॅडम."

"त्यांना दूर कर. ही घरची गोष्ट आहे."

तिनं फोनचा मोठा आवाज बंद केला आणि तो कानाला लावला. मी आणि रत्नमैयाँ दोघंही उठलो आणि खिडकीशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मागून कळफलकाचे आवाज येत होते, सावकाश, एकेक. एकदा ती हसली. एकदा म्हणाली, "नाही बा, आधी मोठं अक्षर होतं की छोटं?" आणि मग कळा पुन्हा पहिल्यापासून वाजू लागल्या. पहिल्यांदाच मला वाटलं की पासवर्ड चुकीचा निघू नये म्हणून देवाला काहीतरी कबूल करावं.

"सर," ती म्हणाली.

मी वळलो. पडद्यावर तुल्सा खड्का असं लिहिलं होतं, आणि बाजूला हिरवा ठिपका.

तिनं हजेरी नोंदवली. रत्नमैयाँनं संशयाची खूण पुसली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: घरच्या मंडळींनी साइत सारली. हा शेरा वर कुणी वाचला तर काय म्हणेल कोण जाणे. मी उरलेलं संत्रं तुल्साला दिलं आणि माझ्या नेहमीच्या आवाजात बजावलं की दोघांना ठाऊक असलेला पासवर्ड हा पासवर्ड नव्हे, मुगूला पोचलीस की बदल.

"हो सर," ती म्हणाली. "आणि मी नाही बदलला तर?"

"तीन महिन्यांनी यंत्रणा आपोआप बदलायला लावते."

"तीन महिन्यांनी," ती म्हणाली, आणि मान डोलावून जिना उतरून गेली.

वैशाखात धुकं नसतं. नुसती धूळ, आणि त्या धुळीतून सोनेरी दिसणारं शहर. मी असाच पडद्याकडे बघत बसलो होतो, डोळे उघडे. सकाळी एक नाव उमटलं, त्याला हिरवा ठिपका लागला आणि क्षणात गेला. तुल्सा खड्का. पण आली होती मुगूहून नव्हे, बाग्लुङच्या त्या वॉर्ड कचेरीतून. तीन महिने भरले होते आणि पासवर्ड बदलला होता. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता. मी रत्नमैयाँकडे पाहिलं. तिनं खण उघडला, पंचांगाचं पान पाहिलं, खण बंद केला आणि आपलं काम पुढं चालू ठेवलं.

नियमाप्रमाणे मी खातं तिथल्या तिथे बंद करायला हवं होतं. माझा हात कळेवर गेलाही होता. तेवढ्यात फोन वाजला. आधी वारा, मग कुठल्यातरी नदीचा आवाज, मग तुल्सा. ती हसत होती.

"सर, माझा पासवर्ड चालत नाही."

"मग मला काय विचारतेस? बांना विचार," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.